इव्हेंटचं काम शिकायचंय तर आधी सप्ताहात पंगत वाढा

मराठवाड्यात लेकरानं काय व्हायचं याची यादी लई छोटी आहे. डॉक्टर, इंजिनिअर, फौजदार, तलाठी, मास्तर, आणि यातलं काहीच जमलं नाही तर मग "बघू, काहीतरी बिझनेस टाकून देऊ". या शेवटच्या 'काहीतरी'त आता इव्हेंट मॅनेजमेंटची भर पडलीय आणि माझं सगळं भांडण तिथंच आहे. मी अकरा वर्षांपासून लातूरमध्ये हेच काम करते, लग्नं, साखरपुडे, बारशी, कॉलेजचं गॅदरिंग, बियाणं-खताच्या कंपन्यांच्या डीलर मीट, कुणाची एकसष्टी. माझं म्हणणं आहे की आपल्या भागातल्या पोरापोरींनी या कामात यावं, जरूर यावं, पण नीट परीक्षेतून उरलेल्यांची सोय म्हणून येऊ नये आणि पुण्या-मुंबईच्या लग्नांचे रील बघून भुलून तर अजिबात येऊ नये. शिवणकाम, सुतारकाम जसं कुणाच्या तरी हाताखाली राहून शिकतात तसं हे शिकावं लागतं, आणि शिकायची शाळा आपल्या गावातच आहे, फक्त तिला शाळा कुणी म्हणत नाही.

जानेवारीत अहमदपूरकडचे एक काका पोरीला घेऊन माझ्याकडं आले. पोरगी दोन वर्षं लातूरला होस्टेलवर राहून दोनदा नीट देऊन बसलेली, मार्क कमी पडलेले, मान खाली. काका म्हणले, "ताई, हिला इव्हेंटचं करायचंय म्हणायली. पुण्याला एक वर्षाचा कोर्स हाय, सव्वादोन लाख मागायलेत. सोयाबीन तसंच पडलंय घरात, भाव नाही. तुम्ही सांगा, हे काय शिक्षण हाय का?"

मी म्हणलं काका, काम चांगलंय, करू द्या तिला. पण फी आत्ताच भरू नका. आधी मला सांगा तुमच्या गावात सप्ताह होतो का.

दोघं बघतच राहिले. पण ज्यांनी अखंड हरिनाम सप्ताह आतून पाहिलाय त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही, म्हणजे रात्री अडीच वाजतासुद्धा कुणीतरी वीणा गळ्यात घालून उभा पाहिजे, म्हणजे पहाऱ्याच्या पाळ्या लावलेल्या पाहिजेत, आणि ज्याची पाळी त्याला घरी जाऊन उठवणारा माणूस पण ठरलेला पाहिजे. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, त्यानंतर जागर. रोज वेगळे महाराज, त्यांना आणायला गाडी, उतरायला घर, सोबतचे टाळकरी किती, मृदंगवाले आपले की त्यांचे. कोणत्या दिवशीची पंगत कुणाची हे महिनाभर आधी पारावर बसून ठरतं. पोळ्या घराघरातून येतात, भाजी-आमटी मंदिरामागं मोठ्या कढईत होते, आणि शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन संपलं की चार-पाच हजार माणूस एकदम जमिनीवर बसतं, पत्रावळ्या पडतात, पोरं बादल्या घेऊन पळतात, दीड-दोन तासात सगळं आवरलेलं. वैजापूरकडं सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहात तर लाखोंची गर्दी आमटी-भाकरीवर जेवून उठते, भाकरी गावोगावहून ट्रॉल्या भरून येतात. हे कुणी शिकवलं यांना? कुठलं सर्टिफिकेट आहे यांच्याकडं?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सप्ताह उठला की वर्गणीचा हिशोब माईकवर वाचून दाखवतात. अमक्याचे पाचशे, तमक्याचा एक कट्टा गहू, मंडपवाल्याला इतके दिले, इतके शिल्लक राहिले. सगळ्या गावापुढं. मी या धंद्यात जे काही शिकले त्यात ही गोष्ट सगळ्यात वरची आहे आणि ती मला कुठल्याही पुस्तकात सापडली नाही.

यावर मला कुणी म्हणेल की सप्ताह भक्तीवर चालतो, तिथं माणसं फुकट राबतात, काही कमी पडलं तरी देवाच्या नावावर खपून जातं, लग्नात ते चालत नाही. बरोबर आहे, मला मान्य आहे. नवरदेवाच्या मामाला थंड पुरी गेली तर ती दहा वर्षं लक्षात राहते. म्हणून सप्ताह ही पहिली इयत्ता. दुसरी इयत्ता मंडपवाल्याच्या गोदामात आणि तिसरी आचाऱ्याच्या भट्टीपाशी. मी अंबाजोगाईला मामांच्या मंडपाच्या गोदामात दोन वर्षं काढली, बीकॉम झाल्यावर. कनाती मोजायच्या, पाईप मोजायचे, कार्पेटवर डाग कुठं पडलाय ते गाडीत चढवायच्या आधी बघून ठेवायचं, गाडी परत आली की पुन्हा मोजायचं. घरचे म्हणायचे शिकलेली पोरगी असून गोदामात धूळ खात बसली. पण आज कुठल्याही लॉन्सवर मी उभी राहिले की मला लगेच कळतं इथं किती खुर्च्या बसतील, गाडी मागून आत येईल का, पावसाचं पाणी कुठं साचेल, ते त्या धुळीतून आलंय.

आचाऱ्याकडं तर वेगळंच डोकं असतं. आमच्याकडचे एक म्हातारे आचारी यादी लिहायच्या आधी फक्त तीन गोष्टी विचारायचे, वऱ्हाड कुठलं, शेतावर राबणारी माणसं किती, आणि लग्न दुपारचं का गोरज. दुपारचं असेल तर मठ्ठा वाढवायचा आणि मसालेभात कमी धरायचा, वऱ्हाड लांबून ट्रॅव्हल्सनं येणार असेल तर पोहे दुप्पट कारण ते भुकेलेच उतरतात. पाचशे माणसाला इतकं तेल, इतकं पीठ असं मोबाईलवर कुणीही काढून देईल पण बीडकडचं वऱ्हाड आणि संभाजीनगरच्या सोसायटीतले पाहुणे सारखं जेवत नाहीत हे मोबाईलला कुठून कळणार. मुस्लिम लग्नातली वलीम्याची दावत असेल तर गणितच वेगळं, तिकडं नान-खलिया करणारे उस्ताद देगीच्या हिशोबात बोलतात, एक देग म्हणजे इतकी माणसं, आपण मध्ये बोलायचं नाही, शांत बसून ऐकायचं.

आता माझी स्वतःची एक चूक सांगते कारण त्याशिवाय हे पटणार नाही. माझं स्वतःच्या नावावरचं तिसरंच लग्न, मे महिना, मुहूर्त बारा एकतीसचा, हजार-बाराशे माणूस. जनरेटर ६२.५ केव्हीएचा मागवलेला, म्हणजे धरून चाला ५० किलोवॅट, स्टेजचे लाईट, साऊंड आणि पंख्यांना भरपूर होता. मी केटररला तोंडी विचारलेलं, तुमचं काही लाईटवर आहे का, तो म्हणला काही नाही, किरकोळ. आणि ऐन वेळेला त्याच्या पोरांनी आइस्क्रीमचे डीप फ्रीजर आणि जेवणाच्या भागातले सगळे मोठे कुलर स्टेजच्याच लाईनवर जोडले. दुसरं मंगलाष्टक चालू असताना लाईन ट्रिप झाली. माईक बंद, पंखे बंद, बेचाळीस डिग्रीत हजार माणसं हातात अक्षता घेऊन उभी. गुरुजींनी तसंच खड्या आवाजात पुढचं म्हणायला घेतलं म्हणून वेळ निभावली, चार मिनिटांत आमच्या वायरमननं लाईन वेगळी केली, पण एक म्हातारी आजी तेवढ्यात चक्कर येऊन बसली होती. तिला काही झालं नाही. तरी तिच्या तोंडावर पाणी मारणारी तिची सून माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती ती मला आज पण आठवते. त्या दिवसापासून मी प्रत्येकाकडून लोड लिहून घेते, कागदावर, वॅटमध्ये, सहीसकट, आणि साऊंडची लाईन कायम वेगळी. ही चूक केटररची नव्हती, माझी होती. विचारणं आणि लिहून घेणं यातला फरक ज्याला कळला त्याला या कामातलं अर्धं कळलं असं मी मानते.

लोकांना वाटतं हे काम म्हणजे फुलं, ड्रेप, स्मोक, कोल्ड पायरो, हळदीला पिवळ्या छत्र्या. ते फक्त फोटोत येतं. खरं काम पाण्याचं आहे. पंधराशे माणसांना उन्हाळ्यात माणशी नुसतं एक लिटर धरलं तरी वीस लिटरचे पंचाहत्तर जार होतात आणि एक लिटरवर कुणाचं भागत नाही मेमध्ये. वरून हात धुवायचं, भांड्याचं, बाथरूमचं पाणी. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या एप्रिल-मेमधली लग्नं ज्यांनी केलीत त्यांना विचारा, कार्यालयवाले तारीख द्यायच्या आधी म्हणायचे टँकर तुमचा. मी त्या वर्षी एका मुलीच्या वडिलांना पंगत रद्द करून पत्रावळी-द्रोणावर बुफे घ्यायला लावला फक्त ताटं धुवायचं पाणी वाचावं म्हणून, घरातली मोठी माणसं माझ्यावर चिडली होती, मराठवाड्यात पंगत नाही म्हणजे मान नाही. पण वडिलांचा तीन टँकरचा खर्च वाचला.

पैशाचं पण सरळ बोलू. हा धंदा तिथीवर चालतो. आषाढी ते कार्तिकी चार महिने चातुर्मास, तुळशीची लग्नं लागल्याशिवाय माणसाची लागत नाहीत, आता लोक काढीव मुहूर्त काढतात ते सोडा. पण आपल्याकडं त्याच्यावर अजून एक पंचांग आहे, शेताचं. कापूस-सोयाबीनला भाव मिळाला तर डिसेंबर-फेब्रुवारीत बुकिंग, नाही मिळाला तर सगळं एप्रिल-मेवर ढकललं जातं. बीड, केज, धारूर, पाटोद्याकडं तर निम्मी गावं दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली असतात, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की पाडव्याच्या आगंमागं माणसं परत येतात आणि मग एकेका तारखेला गावात चार-चार मांडव. सप्टेंबर २०२५ च्या पुरात ज्यांची शेतं खरवडून गेली त्यांच्या घरची लग्नं त्या सीझनला एक तर पुढं गेली नाहीतर दारात मांडव घालून झाली. पुण्याच्या वर्गात बसून हे कोण शिकवणार? इथं येणाऱ्या पोरानं बाजार समितीचे भाव रोज बघितले पाहिजेत, मी बघते. आणि सात महिने कमाई नसण्याची तयारी ठेवून पाच महिन्याचा पैसा वापरला पाहिजे. २०२० ला लॉकडाऊन लागला, मग पन्नास माणसांची लग्नं, मग एप्रिल २०२१ मध्ये पंचवीस माणसं आणि दोन तास, त्या दोन वर्षांत माझ्या ओळखीच्या चौघांनी हप्त्यावर घेतलेले एलईडी वॉल आणि लाईट टांगायचे ट्रस निम्म्या किमतीत विकले. मी वाचले कारण माझ्याकडं विकायला काही नव्हतंच, मी सामान कधी घेतलंच नाही, भाड्यानं आणते. नवीन पोरांना मी हेच सांगते, पहिली पाच वर्षं सामान घेऊ नका.

आता मुद्द्याचं बोलते, ज्याच्यामुळं खरं तर हे सगळं लिहायला बसले. आमच्या लोकांवर एक आरोप होतो की इव्हेंटवाल्यांनी लग्नाचा खर्च वाढवला, शेतकरी बाप कर्ज काढून हळदीचा सेट लावायला लागला. हा आरोप मी उडवून लावणार नाही, त्यात खरं आहे. मी स्वतः पाहिलंय, दोन एकर गहाण टाकून प्री-वेडिंग शूटला लोणावळ्याला गेलेली जोडी. दोष घरच्यांचा पण आहे, भावकीत नाक वर राहिलं पाहिजे हे इव्हेंटवाल्यांच्या आधीपासून आहे, महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढून साध्या लग्नाची वाट दाखवली ती काय उगीच? पण आमचा दोष कुठं आहे ते मी नेमकं सांगू शकते. तो आमच्या फीच्या पद्धतीत आहे. बहुतेक जण एकूण खर्चाच्या टक्क्यांवर फी घेतात, आणि वरून फुलवाल्याकडून, केटररकडून, डीजेवाल्याकडून वेगळं कमिशन. म्हणजे बापाचा खर्च जितका वाढेल तितका माझा फायदा. असं असताना मी त्याला "काका हे नको, परवडणार नाही" कशी म्हणणार? मनात असलं तरी तोंडातून निघत नाही. म्हणून मी पाच वर्षांपूर्वी टक्का बंद केला. ठरलेली एकच फी, आधी कागदावर, आणि प्रत्येक व्हेंडरचं बिल सरळ गिऱ्हाइकाच्या नावावर. यात माझाही व्यवहारी फायदा आहे, सगळ्यांची बिलं माझ्या नावावरून गेली की उलाढाल फुगते, सेवेच्या धंद्यात वर्षाला वीस लाखाच्या वर गेलं की जीएसटी लागतो, आणि जे पैसे माझे नाहीतच त्याचा हिशोब मी का अंगावर घेऊ. लग्न झालं की चौथ्या दिवशी मी घरच्यांना बसवून वही वाचून दाखवते, सप्ताहाच्या हिशोबासारखी. पहिल्या वर्षी माझी कमाई निम्मी झाली. हे काम करणारे बाकीचे म्हणले ताई तुम्ही मार्केट बिघडवायलात. आता त्याच हिशोबाच्या वहीमुळं मला नवीन कामं मिळतात, एका घरातल्या तीन-तीन लेकरांची लग्नं मी केलीत.

तर पोरापोरींनी या धंद्यात यायचं असेल तर हे ठरवून यावं की आपण बापाच्या बाजूला उभं राहायचं का व्हेंडरच्या. दोन्हीकडं पाय ठेवणारे लई आहेत, अजून नकोत.

दुसरी गोष्ट जीवाची. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला, उघडं मैदान, उन्हाचा कहर, चौदा माणसं उष्माघातानं गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात एका धार्मिक कार्यक्रमात भगरीचा महाप्रसाद खाऊन दोन हजारांच्या आसपास माणसं आजारी पडली. आणि हरियाणात डबवालीला २३ डिसेंबर १९९५ ला शाळेच्या कार्यक्रमात मंडप पेटून चारशेच्या वर माणसं जळाली, त्यात निम्म्याच्या वर लेकरं. मी प्रत्येक नवीन पोराला डबवालीचं सांगते कारण आपल्या मंडपांचं कापड अजून पण तसलंच सिंथेटिक आहे, वरून थर्माकोल, खालून लोंबकळणाऱ्या वायरी, आणि बाहेर पडायला कमान एकच, ती पण फुलांनी निम्मी झाकलेली. आमच्याकडं एप्रिल-मेत पारा बेचाळीसच्या पुढं जातो, आणि वरात उशिरा पोचली म्हणून साडेबाराचं लग्न तीनला लागतं, तोवर म्हाताऱ्या बायका आणि लेकरं पत्र्याच्या शेडमध्ये. सकाळी सातला केलेली भाजी दुपारी चारला वाढली जाते. हे थांबवणारा माणूस लग्नात एकच असू शकतो, ज्याच्या हातात वेळापत्रक आहे तो. आणि त्याला नाही म्हणता आलं पाहिजे. मी एकदा रात्री दहा वाजता डीजेचं मेन स्विच काढून किल्ली खिशात टाकली होती, नवरदेवाचे मित्र अंगावर आले, पण कायद्यानं दहा ते सहा लाऊडस्पीकर बंद म्हणजे बंद, २००० सालापासून हा नियम आहे, आणि शेजारच्या गल्लीत दहावीची पोरं अभ्यास करत होती. ज्या पोराला हे करायची हिंमत नाही त्यानं फुलांचं दुकान टाकावं, तो पण चांगला धंदा आहे.

कोर्सबद्दल माझं मत लई कडक आहे असं काही जण म्हणतात. कोर्समध्ये ओळखी मिळतात, इंग्रजी सुधारतं, प्रेझेंटेशन करता येतं, मोठ्या शहरात इंटर्नशिप मिळते हे खरं आहे आणि ज्याच्या घरी सव्वादोन लाख सहज निघतात त्यानं करावा की. पण ज्याच्या घरी ते सोयाबीनचे पैसे आहेत त्याला एवढं घालवायला लावण्याइतकं त्यात काही नाही, मी अशा कोर्सची पोरं माझ्याकडं घेतलीत, सजावटीच्या नमुन्यांचे मूड बोर्ड सुंदर करतात आणि चेंजओव्हर, म्हणजे लाईट गेली की जनरेटरवर टाकायचा स्विच, काय ते माहिती नसतं. त्यापेक्षा आपल्या दोन विद्यापीठांनी, संभाजीनगरच्या आणि नांदेडच्या, एक गोष्ट करावी. नवीन शैक्षणिक धोरणात ऑन जॉब ट्रेनिंगचे क्रेडिट आहेतच, पोरं सध्या ते कुठंतरी सही-शिक्का आणून उरकतात. ते क्रेडिट मंडप काँट्रॅक्टरकडं, केटररकडं, साऊंडवाल्याकडं मोजून काम केलं तर द्या. युवक महोत्सवाचं सगळं नियोजन, चार-पाच दिवस, हजारो पोरांची राहण्या-जेवणाची सोय, हे विद्यार्थ्यांच्या हातात द्या, प्राध्यापक फक्त पाठीशी उभे राहतील. आयटीआयमध्ये वायरमन तयार होतात, त्यांना जनरेटर आणि स्टेजचं लाईटिंग महिनाभर शिकवा, मराठवाड्यात चांगला इव्हेंट इलेक्ट्रिशियन मिळायला मला आज सोलापूरला फोन करावा लागतो.

आणि काम काय फक्त लग्नाचं आहे? धाराशिवला जानेवारी २०२० मध्ये त्र्याण्णवावं साहित्य संमेलन झालं, उदगीरला एप्रिल २०२२ च्या उन्हात पंच्याण्णवावं. नांदेडला २००८ मध्ये शिखांच्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याला देश-परदेशातून लोक आले. छोट्या शहरांना मोठं काम झेपत नाही असं म्हणणाऱ्यांनी ही तीन नावं लक्षात ठेवावीत. संभाजीनगरजवळ वाळूज, शेंद्रा, बिडकीनला कारखाने आहेत, त्यांचे ॲन्युअल डे, लाँच, डीलर मीट वर्षभर चालू असतात, चातुर्मास नाही की काही नाही, आणि त्यातलं मोठं काम अजून पण मुंबई-पुण्याच्या एजन्सीला जातं, त्या एजन्सी परत आपल्याच मंडपवाल्याला, आपल्याच जनरेटरवाल्याला फोन करतात, मधला पैसा तिकडं राहतो. सरकारी महोत्सवांचं तसंच, टेंडरमध्ये मागच्या तीन वर्षांची उलाढाल इतके कोटी अशी अट टाकली की इथला कुणी बसतच नाही त्यात. माझी मागणी साधी आहे, सगळं एकाच टेंडरमध्ये न बांधता साऊंड वेगळं, जेवण वेगळं, मंडप वेगळा असे तुकडे करा, जिल्ह्यातली पोरं भरतील. आणि पोरांनी पण उद्यम नोंदणी करून घ्यावी, ती फुकट होते, कारण एकदा ती असली की कायद्यानं मोठ्या कंपनीला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. एका कार्यक्रमाचे माझे पैसे चौदा महिने अडकले होते, तेव्हा हे मला माहितीच नव्हतं, मी फक्त फोन करत राहिले. गाण्यांचं पण तसंच, लग्नात आणि वरातीत गाणी वाजवायला कॉपीराईटच्या कायद्यात सूट आहे, कलम ५२ मध्ये, आणि तरी कार्यालयात कुणीतरी येऊन लायसन्सच्या नावावर पैसे मागतो आणि घरचे घाबरून देतात. कंपनीच्या कार्यक्रमाला मात्र लायसन्स लागतं. हा फरक सांगता आला तरी गिऱ्हाईक आयुष्यभर तुमचं.

मुलींबद्दल. हा प्रश्न मला प्रत्येक बाप विचारतो, काकांनी पण विचारला, "रात्रीचं काम असतंय ना ताई". असतंय. सेटअप रात्रीच होतो. मी स्वतः पहिली तीन वर्षं भावाला सोबत घेऊन फिरले, आता माझ्यासोबत चार पोरी असतात, एक गाडी आमचीच, आणि कार्यालयात एक खोली आमच्या नावावर आधीच ठेवायला लावते, आतून कडी असलेली, हे कराराच्या कागदातच लिहिलेलं असतं. आपल्याकडं लग्नघरातलं अर्धं काम बायकांच्या खोलीत असतं, नवरीचं आवरणं, रुखवत मांडणं, हळद, ओटीचं सामान, कुणाच्या आईला औषध द्यायची वेळ, मानपानाची साडी कुणाची राहिली, तिथं पुरुष जाऊच शकत नाही आणि तिथंच सगळ्यात जास्त उशीर होतो. लग्न वेळेवर लावायचं असेल तर त्या खोलीत वजन असलेली एक बाई पाहिजे. पोरींसाठी हे काम धोक्याचं आहे म्हणणारे लोक पोरींना एकटीनं रात्रीच्या एसटीनं परीक्षेच्या सेंटरला पाठवतातच की.

तर त्या काकांच्या पोरीला मी म्हणलं, फेब्रुवारीत माझं औशाजवळ एक लग्न आहे, दोन दिवस ये, जेवण-राहणं माझ्याकडं, तुला काही करायचं नाही, फक्त एक वही घे आणि दिसेल ते लिही. आली. पहिल्या दिवशी संध्याकाळी गाड्या खाली होताना सगळा वेळ उभी होती, एकदा पण मोबाईल काढला नाही. दुसऱ्या दिवशी लग्न लागलं, जेवणं झाली, वऱ्हाड गेलं, साडेपाचला मी तिची वही मागितली. मला वाटलं डेकोरेशनचं काहीतरी लिहिलं असेल, नवीन पोरं तेच लिहितात. चार पानं भरली होती. जार किती वाजता आले, किती रिकामे परत गेले. कुलरच्या मागं लेकरं खेळत होती, वायर उघडी. नवरदेवाकडचे पाहुणे चुकून दुसऱ्या गेटला गेले, बोर्ड नव्हता. आणि शेवटच्या पानावर पेननं दोनदा गिरवून, "वाढप्यांना सकाळपासून जेवण नाही, पावणेपाचला जेवले, त्यातला एक माझ्यापेक्षा लहान. पुढच्या वेळी त्यांची पंगत ११ वाजता, सगळ्यांच्या आधी."

अकरा वर्षांत माझ्या वेळापत्रकात ती ओळ नव्हती. आता आहे. पोरगी मार्चपासून माझ्याकडंच काम करते, काकांनी पुण्याची फी भरली नाही, एप्रिलमध्ये अकरा तारखा होत्या.